लोप

माझ्या टेबलावर एक जाड कोश आहे. संस्कृत व्याकरणातल्या पारिभाषिक शब्दांचा. १९६१ साली बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये तो निघाला. कर्ते काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. त्यांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं आणि मुलाने त्या अनुवादाला प्रस्तावनेचा स्वतंत्र खंड लिहून जोडला. बापलेकांनी एकाच विषयात आयुष्य घातलं, आणि विषय तरी कोणता, तर शब्द सिद्ध कसा होतो हा. १ डिसेंबर १९७६ च्या रात्री पुण्यात भांडारकर रस्त्यावरच्या बंगल्यात ऐंशी ओलांडलेल्या या कोशकाराचा खून झाला. घरातल्या आणखी चौघांचाही.

खुनांची गोष्ट मला शाळेत असल्यापासून पाठ आहे. पुण्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या बहुतेकांना ती पाठ असते. जक्कल हे मारेकऱ्यांपैकी एकाचं आडनाव आमच्या आळीत मुलांना भीती घालायला वापरत. कोश मात्र मला पन्नाशीजवळ आल्यावर, जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात दिसला. मुखपृष्ठावरचं नाव वाचून मी तिथेच उभी राहिले. ज्या माणसाच्या मृत्यूचा तपशील मला तोंडपाठ होता, त्याने आयुष्यभर काय केलं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरच्यांनी नाही, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांनी नाही, आणि त्या खटल्यावरून सुचलेल्या चित्रपटांनी तर नाहीच.

खऱ्या खुनांवरून बेतलेल्या या चित्रपटांना आणि मालिकांना आपण ‘सायकॉलॉजिकल थ्रिलर’ म्हणतो. मनाचा थांग लावणारी कथा, असा त्यांचा दावा असतो. माझी तक्रार या दाव्याबद्दल आहे. मन म्हणजे इथे फक्त खुन्याचं मन, आणि तेही बहुतेक वेळा लेखकाने पदरचं घातलेलं. खटल्यात जी इतर मनं खरोखर होती, मारल्या गेलेल्यांची, मागे उरलेल्यांची, तपास करणाऱ्यांची, धास्तावलेल्या गावाची, त्यांच्याकडे कॅमेरा वळतच नाही. भांडारकर रस्त्यावरच्या त्या रात्री बंगल्यात असलेल्या सगळ्या मनांत सगळ्यात भरलेलं मन कुणाचं होतं, हा प्रश्न विचारला तर उत्तर शोधायला मानसशास्त्र लागत नाही. तो प्रश्नच आपण विचारत नाही.

जोशी-अभ्यंकर खटला थोडा उलगडून सांगते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात पुण्यात दहा माणसं मारली गेली. पहिला बळी मारेकऱ्यांचाच वर्गमित्र. मग ३१ ऑक्टोबरला विजयानगर कॉलनीतलं जोशी कुटुंब, महिन्याभराने अभ्यंकरांचं घर, आणि शेवटी मार्चमध्ये एक तरुण, ज्याचा मृतदेह बंडगार्डनजवळ नदीत सापडला आणि पोलिसांच्या हाती धागा लागला. मारेकरी कमर्शियल आर्ट शिकणारी मुलं होती. त्यांचा एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला. २८ सप्टेंबर १९७८ ला चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात ती अमलात आली.

आता ‘का’ हा प्रश्न. जोशींच्या घरातून गेलं ते दागिने, घड्याळ, थोडी रोख असं. दहा जिवांशी त्याची तुलनाही करवत नाही. पैसा हवा होता हे खरं, पण पैशासाठी चोरी पुरली असती. त्या मुलांपैकी मुनव्वर शहाने ‘येस, आय अ‍ॅम गिल्टी’ नावाचं आत्मकथन मागे ठेवलं. ते मी फार आशेने वाचलं होतं. पश्चात्ताप आहे, हकिगत आहे, मित्रांच्या दडपणाची गोष्ट आहे. ‘का’ मात्र शेवटपर्यंत हाताला लागत नाही. मला आता वाटतं, तो सापडण्यासारखा नव्हताच. एक जण सुचवतो, दुसरा हो म्हणतो, तिसरा मागे राहायला लाजतो, आणि पहिल्यांदा पचलं म्हणून दुसऱ्यांदा होतं. एवढंच तिथे असेल. इतक्या मोठ्या क्रौर्यामागे इतकं थोडं असावं, हे सोसणं माणसाला फार जड जातं.

कथेला हे थोडकेपण चालत नाही. नटाला भूमिका हवी, भूमिकेला धग हवी. १९८६ साली ‘माफीचा साक्षीदार’ आला. नाना पाटेकरचा तो चेहरा ज्यांनी पाहिला त्यांच्या लेखी मारेकरी कायमचा तसाच झाला, जळत्या डोळ्यांचा, आतून पेटलेला. पुढे अनुराग कश्यपने ‘पांच’ केला, जो सेन्सॉर आणि इतर अडचणींत वर्षानुवर्षे रखडला. त्यात विद्यार्थ्यांचा रॉक बँड झाला, पुण्याची मुंबई झाली, नशा आली, जगावरचा राग आला. तो राग खोटा नाही. एका तरुण दिग्दर्शकाचा तो अस्सल राग आहे आणि चित्रपट त्यामुळेच जिवंत आहे. पण तो त्या खटल्यातला नाही. रिकामी जागा दिसली, तिथे कलावंताने आपली अस्वस्थता ओतली. मूळ खटल्यातली घरं, त्यातली म्हातारी माणसं, त्यांची रात्रीची जेवणं, हे सगळं त्या ओतण्यात वाहून गेलं. विवेक वाघ यांच्या ‘जक्कल’ या माहितीपटाला शोधपत्रकारितेच्या विभागात राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचं मला समाधान आहे. पण त्याचंही नाव बघा.

जिथे मनात फारसं काही नव्हतं तिथे भर घातली गेली, तर जिथे मन खरोखर बिघडलेलं होतं तिथे काय झालं? रमण राघवची गोष्ट घेऊ.

१९६८ साली मुंबईच्या उत्तरेकडच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसं रात्री डोक्यात घाव घालून मारली जाऊ लागली. वस्त्यांनी रात्रभर गस्ती सुरू केल्या. २७ ऑगस्टला एका फौजदाराने रमण राघवला ओळखून पकडलं. रमाकांत कुलकर्णी तेव्हा मुंबई गुन्हे शाखेचं काम पाहत होते. आरोपी बोलेना, मग कोंबडीचं जेवण मागितलं, डोक्याला तेल, कंगवा आणि आरसा मागितला, आणि ते मिळाल्यावर सगळं सांगू लागला. ही कोंबडी पडद्यावर पुनःपुन्हा येते, कारण ती चटकदार आहे. जे चटकदार नाही ते पुढे घडलं. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. उच्च न्यायालयापुढे प्रकरण आलं तेव्हा तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमलं गेलं. त्यांनी त्याच्याशी तासन्‌तास बोलून निदान केलं: जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया. दोन जगं आहेत, एक ‘कानून’चं आणि एक हे आपलं, असं तो मानत होता. लोक आपलं लिंग बदलू पाहताहेत, पण आपण एकशे एक टक्के पुरुष आहोत, कानूनचे प्रतिनिधी आहोत, म्हणून ते त्यांना जमत नाही, असं सांगत होता. हे काही तत्त्वज्ञान नव्हतं. भ्रमांनी वेढलेल्या, कुणीही कधी उपचार न केलेल्या माणसाचं ते बोलणं होतं. फाशीची जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने तो मेला.

श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादवला घेऊन केलेला छोटा चित्रपट या आजाराच्या बराच जवळ उभा राहतो. २०१६ चा ‘रमन राघव २.०’ मात्र सुरुवातीलाच सांगतो की ही त्या माणसाची गोष्ट नव्हे. नाव तेवढं घेतलं आहे. त्यातला रमण्णा हुशार आहे, विनोदी आहे, पोलीस अधिकारी राघवन हा आपलाच उरलेला अर्धा भाग आहे हे त्याला समजलेलं आहे. नवाजुद्दीन सिद्दीकीचं काम पाहताना मीही श्वास रोखून बसले होते. घरी परतताना मात्र मला ते मंडळ आठवलं. तीन डॉक्टरांनी ज्याला आजार म्हटलं, त्याचं पडद्यावर शहाणपण झालं होतं, समाजाच्या ढोंगाला आरसा दाखवणारं. आजाऱ्याला द्रष्टा केलं की प्रेक्षकाला तो आवडू लागतो, आणि फुटपाथवर झोपलेल्या ज्या माणसांची डोकी फुटली ती आरशाची चौकटही उरत नाहीत. त्यांची नावं तेव्हाही फार थोड्यांना ठाऊक होती.

याची किंमत आज जिवंत असलेली माणसंही मोजतात. माझ्या नात्यातल्या एका घरात स्किझोफ्रेनिया आहे. मुलगा आता चाळिशीचा आहे, गोळ्या घेतो, सकाळी दूध आणतो, दुपारी झोपतो, कुणाला कधी त्याने बोटही लावलेलं नाही. त्याचं निदान सोसायटीत कळलं तेव्हा शेजारच्या बाईंनी त्याच्या आईला विचारलं, “रात्री त्याला कडी लावून ठेवता ना?” त्या बाई वाईट नाहीत. त्यांनी हा आजार फक्त पडद्यावर पाहिला होता, आणि पडद्यावर तो हातात हत्यार घेऊनच येतो. म्हणून मला सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा ‘देवराई’ फार मोलाचा वाटतो. अतुल कुलकर्णीचा शेष त्यात आजारी आहे, हैराण आहे, घरच्यांना हैराण करतो, आणि त्याच्या मनात एक आख्खं जंगल आहे. निर्माते डॉ. जगन्नाथ वाणी यांनीच पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी संस्था उभी केली. हा चित्रपट थरारपट नाही, कुणाचा खून होत नाही. तरी मनाच्या तळाशी जाणारा मराठी चित्रपट कोणता, असं कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगेन.

समोरून येणारे आक्षेप मला ठाऊक आहेत. खुन्याकडे पाहिलं नाही तर पुढचा खून थांबवणार कसा? साहित्याने पापी माणसाच्या आत शिरायचंच नाही का? शिरायलाच हवं. आणि मी हे चित्रपट पाहते हेही इथे कबूल केलं पाहिजे, रात्री उशिरापर्यंत, एकामागून एक भाग. भीतीची अशी घरबसल्या तालीम करावीशी वाटणं यात मला लाजिरवाणं काही वाटत नाही. बायका हे जास्त पाहतात असं म्हणतात. माझ्यापुरतं सांगायचं तर, काय झालं की संशय घ्यावा, कुठे दार उघडू नये, हे मी त्यातून मनाशी टिपत असते.

माझं भांडण आत शिरण्याशी नाही, एकाच दारातून शिरण्याशी आहे. या प्रकाराचं मूळ ज्या पुस्तकात सांगतात, त्या ट्रूमन कपोटेच्या ‘इन कोल्ड ब्लड’मध्ये सुद्धा दोन दारं होती. नोव्हेंबर १९५९ मध्ये कॅन्सास राज्यातल्या होलकोम्ब गावी क्लटर कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. पुस्तक उघडल्यावर कपोटे आधी त्या कुटुंबाचा शेवटचा दिवस सावकाश जगू देतो, पाय वाजत असतात मारेकऱ्यांचे, पण घर घर म्हणून उभं राहतं. पुढे मात्र तो त्या दोघांत, विशेषतः एकात, इतका गुंतला की त्यांना फाशी होईपर्यंत पुस्तकाला शेवट सापडेना. १९६५ मध्ये ती झाली आणि पुस्तक पुरं झालं. अखेरचा स्मशानातला प्रसंग त्याने रचलेला होता. सत्याच्या नावावर काढलेल्या पुस्तकातला शेवट रचलेला. मारेकऱ्याच्या सोबतीने सहा वर्षं काढली की घराकडे परतायला खरी वाट उरत नसावी.

कायद्याकडून फार अपेक्षा करता येत नाही. आपल्याकडे खासगीपणाच्या हक्काबद्दलचा एक महत्त्वाचा निकाल, १९९४ चा आर. राजगोपाल विरुद्ध तमिळनाडू, हाच मुळी एका खुन्याच्या आत्मचरित्रावरून आला. फाशीची शिक्षा झालेल्या ऑटो शंकरचं ते लेखन मासिकाने छापावं की नाही, हा वाद होता. न्यायालयाच्या सार्वजनिक नोंदींत जे आहे ते परवानगीशिवाय छापता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आणि लैंगिक अत्याचारासारख्या गुन्ह्यांतल्या पीडित स्त्रीची ओळख मात्र त्यातून वगळली. निकाल योग्य आहे, माझ्यासारखीला लिहिता येतं ते त्याच्याच आधारावर. पण त्या चर्चेत खुनी आहे, प्रकाशक आहे, सरकार आहे. मेलेल्यांच्या घरच्यांना तिथे खुर्ची नाही. ‘प्रेरित’ हा शब्द पाटीवर घातला की निर्मात्याला त्या घरी जाऊन बसायची गरज उरत नाही. खरेपणाचा दाब हवा असतो, खऱ्या माणसांची जबाबदारी नको असते.

हे वेगळ्या तऱ्हेने करता येतं का? येतं. दक्षिण कोरियात ह्वासोंग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा स्त्रियांचे खून झाले. त्यावरून बोंग जून-हो यांनी २००३ मध्ये ‘मेमरीज ऑफ मर्डर’ केला तेव्हा खुनी सापडलेला नव्हता. त्यांनी न सापडलेल्या माणसाच्या डोक्यात शिरायचा प्रयत्नच केला नाही. कॅमेरा पोलिसांवर ठेवला. संशयितांना लाथा घालणारे, मतिमंद मुलाकडून कबुली वदवून घेणारे, पावसात पुरावा वाहून जाताना पाहणारे, हळूहळू स्वतःवरचाच विश्वास गमावणारे पोलीस. लष्करी राजवटीखालच्या एका देशाचं मन त्यात दिसतं. अखेरीस अनेक वर्षांनी जुना तपासनीस पहिलं प्रेत सापडलं त्या शेतातल्या पाटापाशी येतो. एक मुलगी सांगते की मध्यंतरी आणखी एक माणूस इथे येऊन वाकून पाहत होता. दिसायला कसा होता? साधाच, चारचौघांसारखा. आणि तपासनीस वळून थेट प्रेक्षकांकडे पाहतो. खुनी हा चित्रपट बघायला येईल, तेव्हा त्याच्या डोळ्याला डोळा भिडावा, म्हणून दिग्दर्शकाने तो शॉट ठेवला होता.

२०१९ मध्ये डीएनएवरून माणूस ओळखला गेला. नात्यातल्या एका स्त्रीच्या खुनासाठी तो १९९० च्या दशकापासून तुरुंगातच होता. त्याने कबुली दिली. या मालिकेतल्या एका खुनासाठी दुसऱ्याच एका माणसाने वीस वर्षं तुरुंगात काढली होती, पोलिसांनी वदवलेल्या कबुलीवर. २०२० मध्ये त्याची फेरसुनावणी झाली आणि डिसेंबरात तो निर्दोष ठरला. त्या सुनावणीत खऱ्या खुन्याला विचारलं गेलं, चित्रपट पाहिलास का? पाहिला, तो म्हणाला. चित्रपट म्हणून पाहिला, काही वाटलं नाही.

या उत्तराने मी बरेच दिवस अस्वस्थ होते. जगातल्या एका मोठ्या दिग्दर्शकाने त्या माणसासाठी एक नजर जपून ठेवली आणि पलीकडे ती घेणारं कुणी नव्हतंच. पण चित्रपट त्यामुळे पडत नाही. तो खुन्याच्या मनावर बेतलेला नसल्यामुळे, खुनी सापडल्यावरही त्यातलं काही खोटं ठरलं नाही. उलट, वदवलेल्या कबुल्यांबद्दल तो जे सांगत होता ते सतरा वर्षांनी न्यायालयात खरं ठरलं.

आपल्याकडे मानवतचं हत्याकांड अशाच वाटेने जाण्याजोगं आहे. परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात १९७२ पासून गुप्तधन आणि मूल यांच्या हव्यासापायी बळी गेले. तिथे एकट्या कुणाचं विकृत मन शोधण्यात अर्थ नाही, कारण बळी दिला की ते मिळतं हा समज गावभर होता, मारणारे आणि मारायला लावणारे त्याच समजुतीत जगत होते. अमोल पालेकर यांनी १९८१ च्या ‘आक्रीत’मध्ये, विजय तेंडुलकरांच्या साथीने, हे ओळखलं होतं. २०२४ ची ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका रमाकांत कुलकर्णी यांच्या आठवणींवरून तपासाच्या बाजूने जाते. ती नेटकी आहे, पण मला ‘आक्रीत’ अधिक जवळचा वाटतो.

आणि पुणं? मला त्या खटल्यावरचा एक चित्रपट पाहायचा आहे ज्यात मारेकरी जवळजवळ दिसत नाहीत. आणीबाणी चालू आहे, वर्तमानपत्रांवर निर्बंध आहेत, म्हणून बातमीपेक्षा अफवा जाड झाली आहे. दिवेलागणीला रस्ते ओस पडतात. पाहुणा आला की आधी भीती वाटते, मग भीती वाटल्याची लाज वाटते. एकटं राहणारं म्हातारं जोडपं रात्री मुलाच्या घरी झोपायला जाऊ लागतं. आणि भांडारकर रस्त्यावर, ३० नोव्हेंबरला, एक वृद्ध शास्त्री एखाद्या संज्ञेवर टिपण करत बसलेले आहेत. तेवढाच प्रसंग दहा मिनिटं दाखवावा. त्यातला ताण कुठल्याही पाठलागापेक्षा मोठा असेल.

त्यांच्या कोशात मी ‘लोप’ हा शब्द काढून पाहिला. पाणिनीच्या शास्त्रात लोप म्हणजे नाश नव्हे, जे असायला हवं ते न दिसणं. आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्यामुळे शब्दावर व्हायचं ते कार्य होतच राहतं, असाही नियम आहे. शास्त्रीबुवांनी हे व्याकरण म्हणूनच लिहिलं, मी त्यात भलतं वाचते आहे याची मला जाणीव आहे.

आमच्या जुन्या घराच्या दाराला आतून पितळी साखळी आहे. वडिलांनी ती १९७६ च्या डिसेंबरात, अभ्यंकरांच्या बातमीनंतरच्या आठवड्यात बसवून घेतली. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, कानाने कमी ऐकू येतं. मी रात्री गेले की बेल वाजवते, ते काठी टेकत दारापर्यंत येतात, साखळीपुरतं दार उघडतात आणि मला फटीतून पाहत असूनही विचारतात, “कोण?” मी माझं नाव सांगते, मग वडिलांचं, आडनावासकट. मग साखळी निघते.